अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट, व्हाया शंभर वर्षे

मुंबईतली पहिली मोटारबस १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्चपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत धावली. यंदा त्या सेवेची शताब्दी. अशा प्रसंगी ती चालवणाऱ्या बेस्ट या संस्थेचा इतिहास गाड्यांच्या क्रमाने सांगायची रीत आहे : आधी घोड्यांची ट्राम, मग विजेची, मग एकमजली बस, दुमजली बस, ट्रॉलीबस आणि आता बॅटरीवर चालणारी वातानुकूलित बस. प्रत्येकीचे एक छायाचित्र आणि खाली साल. तो क्रम बरोबरच आहे. पण मुंबईकराचे नाते गाडीपेक्षा नंबराशी असते. ‘मी लेलँडने जातो’ असे कोणी म्हटलेले ऐकिवात नाही. माणसे ‘सहासष्टने’ जातात, ‘एकशे तेवीसने’ येतात, ‘चार लिमिटेड’ची वाट बघत उभी राहतात. म्हणून या लेखात बेस्टचा इतिहास मार्गांच्या अंगाने मांडला आहे. गाड्या येतील, पण मार्गाच्या निमित्ताने.

पहिला मार्ग बसच्याही ५२ वर्षे आधीचा. १८६५ मध्ये एका अमेरिकी कंपनीने मुंबईत घोड्यांच्या ट्रामसाठी परवाना मागितला होता. पण तिकडचे यादवी युद्ध संपले, इकडे कापसाचे भाव कोसळले, शहरातल्या पैशाला ओहोटी लागली आणि बेत बारगळला. पुढे १८७३ मध्ये बॉम्बे ट्रामवे कंपनी स्थापन झाली आणि ९ मे १८७४ रोजी दोन मार्ग एकदम सुरू झाले : कुलाबा ते पायधुणी, क्रॉफर्ड मार्केटवरून, आणि बोरीबंदर ते पायधुणी, काळबादेवीवरून. २० गाड्या आणि २०० घोडे एवढा संसार होता. कुलाबा ते पायधुणी भाडे तीन आणे, आणि सुरुवातीला तिकीट असे दिलेच जात नसे. काही महिन्यांतच भाडे दोन आण्यांवर आले. १९०५ पर्यंत घोड्यांची संख्या १,३६० झाली होती. कुलाबा कॉजवेवर जिथे आज इलेक्ट्रिक हाउस आहे, तिथे ट्रामच्या धंद्यातल्या स्टर्न्स अँड किटरेज कंपनीची कचेरी होती आणि तिच्या पागेत सुमारे ९०० घोडे होते.

दोन्ही मार्ग पायधुणीलाच का मिळावेत? त्या काळी कापसाचा बाजार कुलाब्याला होता, पेढ्या आणि कचेऱ्या फोर्टात होत्या, आणि दलाल, मेहता, कारकून, हमाल ही सगळी माणसे मात्र क्रॉफर्ड मार्केटच्या पलीकडच्या दाट वस्तीत राहत होती. ट्रामने या दोन मुंबया एका दोरीत ओवल्या. कंपनीला त्यात नफा दिसला, एवढेच खरे कारण. पण नफ्यासाठी आखलेली ती रेघ शहराने इतकी पक्की धरली की पुढे वाहन बदलले, मालक बदलला, चलनही बदलले, तरी कुलाबा ते क्रॉफर्ड मार्केट हा पट्टा कधी ओस पडला नाही.

विजेच्या ट्रामचा भाग थोडक्यात. १९०५ मध्ये बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी स्थापन झाली, वाडीबंदरला वाफेवरचे वीजकेंद्र उभे राहिले आणि ७ मे १९०७ रोजी पहिली विजेची ट्राम धावली. कंपनीच्या इंग्रजी नावातली आद्याक्षरे जोडून ‘बेस्ट’ झाले. वीज आणि वाहतूक यांचा हा एकत्र संसार पुढे अनेक वर्षे बसच्या भाड्यावर परिणाम करणार होता. त्याकडे नंतर येऊ. १९२० मध्ये ट्राम दुमजली झाली. गर्दीला उत्तर म्हणून मजला चढवायचा हा मुंबईचा जुना स्वभाव.

१९२६ मध्ये बस आली तेव्हा ट्राम ही सर्वांची गाडी होती आणि बस ही जरा वरच्या मध्यमवर्गाची समजली जाई. सुरुवातीचे तीन मार्ग पाहिले की कंपनीचा हिशेब कळतो. पहिला, अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे जुन्या ट्रामच्याच वाटेवर, पण अधिक पैसे मोजू शकणाऱ्यांसाठी. दुसरा, दादर ट्राम टर्मिनस ते किंग्ज सर्कल. ट्राम जिथे संपे तिथून ही बस सुटे. त्या बाजूला इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची दादर-माटुंग्याची आखीव वसाहत वाढत होती, तिथे घरे घेणारे नोकरदार होते आणि त्यांना रूळ संपल्यावर पुढे नेणारे काही नव्हते. तिसरा, ऑपेरा हाउस ते लालबाग, म्हणजे गिरगावच्या कडेपासून थेट गिरणगावच्या पोटात. या तीन रेघांमध्ये पुढच्या सगळ्या जाळ्याची बीजे आहेत : चालत्या मार्गाला जोड, संपलेल्या मार्गाला वाढ आणि दोन वेगळ्या वस्त्यांमधला आडवा दुवा. त्या वर्षअखेरपर्यंत सहा लाख लोकांनी बसने प्रवास केला आणि पुढच्या एका वर्षात हा आकडा सुमारे ३८ लाखांवर गेला. म्हणजे ‘वरच्या वर्गाची गाडी’ ही समजूत फार काळ टिकणार नव्हती.

१९३४ मध्ये पालिकेच्या सांगण्यावरून बस शहराच्या उत्तर भागात गेली. १९३७ मध्ये दुमजली बस आली. १९४० मध्ये कुलाबा ते माहीम अशी पहिली ‘लिमिटेड’ सुरू झाली. ठरावीक थांब्यांवरच थांबणारी ही गाडी म्हणजे माझ्या मते बेस्टची सर्वांत हुशार कल्पना. नवी सडक नको, नवे इंजिन नको. फक्त काही थांबे गाळायचे आणि लांबच्या माणसाची वीस मिनिटे वाचवायची. लिमिटेडचा नंबर लाल अक्षरांत असे आणि पुढे ‘मर्या.’ लिहिलेले असे. ते ‘मर्या.’ न वाचता चढलेला नवखा प्रवासी आपला थांबा मागे पळताना बघत कंडक्टरशी वाद घालू लागे आणि सारी बस त्याला समजावू लागे.

७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, कंपनी पालिकेच्या ताब्यात आली आणि उपक्रम झाली. तेव्हा २४२ बसगाड्या २३ मार्गांवर धावत होत्या. मग शहरच पसरले. १९५० मध्ये पालिकेची हद्द उपनगरांत शिरली, १९५७ मध्ये दहिसर आणि मुलुंडपर्यंत गेली. हद्दीचा ठराव कागदावर होतो. आपण मुंबईत आलो हे वस्तीला समजते ते लाल बस दारात आल्यावर. नंबरांच्या रचनेत हा विस्तार वाचता येतो. ढोबळमानाने दोनशेच्या आतले मार्ग शहराचे, दोनशेचे पश्चिम उपनगरांचे, तीनशेचे पूर्व उपनगरांचे, चारशेचे उपनगरांत पूर्व-पश्चिम जाणारे आणि पाचशेचे खाडीपलीकडे नवी मुंबईकडे. अपवाद पुष्कळ आहेत, पण थांब्यावर उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला ‘तीनशे काहीतरी पकडा’ एवढे सांगितले तरी तो निदान चुकीच्या दिशेला जात नसे.

आता मार्गांकडेच वळू. ६६ नंबर बॅलार्ड पियरहून निघून सायनच्या राणी लक्ष्मीबाई चौकात पोचायचा. बंदराच्या कचेऱ्यांमधला कारकून आणि सायनच्या चाळीतले त्याचे घर यांमधली ही रेघ. ३०२ नंबर सायनहून मुलुंडला, लाल बहादूर शास्त्री मार्गाने. हा जुना आग्रा रोड. त्याच्या दोन्ही बाजूंना कारखाने होते आणि त्यांच्या पाळ्या सुटण्याच्या वेळी ३०२ मध्ये दरवाजातली दांडी सापडली तरी माणूस समाधानी असे. १२३ चा थाट वेगळा. आर. सी. चर्च ते ताडदेवचा वसंतराव नाईक चौक, वाटेत अख्खा मरीन ड्राइव्ह. दुमजली १२३ च्या वरच्या मजल्यावरची अगदी पुढची जागा मिळवणे हा मुंबईतल्या कित्येक मुलांच्या सुटीतला मुख्य कार्यक्रम होता. गावाहून आलेल्या पाहुण्यांना राणीचा बाग दाखवून झाला की संध्याकाळी याच बसमधून समुद्र दाखवायचा, तिकीट टॅक्सीच्या मानाने नगण्य. २३१ सांताक्रूझ स्टेशनवरून जुहूला न्यायची. रविवारी संध्याकाळी ती परतताना बसच्या तळाशी वाळू साचलेली असे. कमला नेहरू पार्कची १०६ मलबार हिलचा चढ चढताना एवढी दमायची की वर बसलेली मंडळीही श्वास धरत.

लोकलगाडी उत्तर-दक्षिण धावते. त्यामुळे दूर जायचे काम रेल्वेने केले, आणि स्टेशनपासून घरापर्यंत, किंवा एका रेल्वेमार्गावरून दुसऱ्यावर जायचे काम बसकडे राहिले. कुर्ला ते वांद्रे पूर्व जाणारी ३१० हे त्याचे उत्तम उदाहरण. मध्य रेल्वे आणि पश्चिम रेल्वे यांमधली ती आडवी शिवण. वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहण्याआधीपासून ती होती. संकुल आल्यावर तिच्यावर लॅपटॉपच्या पिशव्यांची गर्दी झाली. अंधेरीच्या आगरकर चौकातून सीप्झकडे जाणारी ४१५ ही त्याच जातीची. या आखूड मार्गांचे कौतुक कोणी केले नाही. रेल्वेचा नकाशा भिंतीवर टांगला जातो. ‘स्टेशन ते कंपनी’ या दहा मिनिटांच्या मार्गाला नकाशात जागा नसते, मात्र तो एक दिवस बंद राहिला तर हजारो लोकांचा लेटमार्क लागतो.

मार्ग चालतो तो माणसांवर. सुटण्याच्या टोकाला चौकीत स्टार्टर बसलेला असे. गाडी कधी सोडायची, कुठली फेरी रद्द करायची, मागे पडलेली गाडी अर्ध्यातून कुठे वळवायची, हे त्याच्या शिट्टीवर ठरे. कंडक्टरकडे पत्र्याची पेटी, तीत रंगीत तिकिटांच्या गड्ड्या, आणि हातात पंच. ‘तिकीट’ असे ओरडण्याऐवजी तो पंच रिकामाच वाजवायचा. त्या टिकटिकीने झोपलेला माणूसही खिशात हात घाले. दोरी ओढली की चालकाच्या डोक्याशी घंटा, एक टोला थांबा, दोन टोले चला. आणि ‘पुढे चला, पुढे चला’ हे तर मुंबईचे घोषवाक्यच झाले असते. २०१० नंतर तिकिटाची यंत्रे आली, गड्ड्या गेल्या, मग मोबाइलवरचे तिकीट आले. कंडक्टर या माणसाबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही : विनोदी अभिनेते जॉनी वॉकर पडद्यावर येण्याआधी बेस्टचे कंडक्टर होते. बसमध्ये ते प्रवाशांना जसे हसवत, तेच पुढे सिनेमात गेले. बेस्टच्या थांब्यालाही सिनेमात जागा मिळाली. बासू चॅटर्जींच्या ‘छोटी सी बात’मधला अमोल पालेकरांचा बुजरा नायक आधी रांगेत उभा राहूनच प्रेमात पडतो.

गाडीच्या कपाळावरचा नंबर देवनागरीत असे, हेही नोंदवायला हवे. मुंबईत नव्याने आलेला तमिळ किंवा बंगाली माणूस मराठी अंक शिकला तो शाळेत नव्हे, थांब्यावर. सहा आणि नऊ यांत त्याची गफलत झाली की तो सायनऐवजी भलतीकडेच उतरे. दुसऱ्यांदा ती गफलत होत नसे.

ट्रामचा शेवट हा या इतिहासातला सर्वांत गाजलेला निरोप. एकेक मार्ग आवरत आणला गेला आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री दहा वाजता बोरीबंदरहून दादरकडे शेवटची ट्राम निघाली. रस्त्याच्या दुतर्फा लोक उभे होते. ट्राम गेली तरी ट्रामच्या वाटा बसने घेतल्या, त्यामुळे प्रवाशाची दिशा मोडली नाही. दादर टी. टी. हे नाव आजही ट्राम टर्मिनसचे आहे, आणि ट्राम न पाहिलेली तिसरी पिढी तिथे उतरते. रूळही पुरते गेले नव्हते; काही वर्षांपूर्वी हुतात्मा चौकात फ्लोरा फाउंटनच्या परिसरात काम चालू असताना रस्त्याखालून ते वर आले.

ट्रॉलीबसचे नशीब याच्या उलट. ११ जून १९६२ रोजी गोवालिया टँक ते माझगाव डॉक असा तिचा मार्ग सुरू झाला आणि २४ मार्च १९७१ रोजी ती बंद पडली. जेमतेम नऊ वर्षे. डोक्यावरच्या तारांना बांधलेली गाडी मुंबईच्या खोळंब्यात वाट काढू शकत नाही, हे शहराने लवकर ओळखले. तिच्याबद्दल हळहळणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

थांब्यांची नावे हा एक स्वतंत्र ग्रंथ होईल. गोवालिया टँकवर तलाव नाही. स्ट्रँड सिनेमाच्या थांब्यावर उतरून कोणी सिनेमा पाहू शकत नाही. ऑपेरा हाउसला गाणे ऐकायला जाणारे किती, आणि हिऱ्यांच्या पेढ्यांत जाणारे किती? कुर्ल्याच्या कामानीला कामानीचा कारखाना शोधणाऱ्याला हसू येईल. पालिका रस्त्यांना थोर माणसांची नावे देते, पाटी लागते, उद्घाटन होते. कंडक्टर मात्र जुनेच नाव पुकारतो, कारण त्याला माणसे योग्य जागी उतरवायची असतात.

गिरणगावचे मार्ग या सगळ्यांत वेगळे वागले. लालबाग, परळ, करी रोड, डिलाईल रोड या भागांत बसची वेळ घड्याळावर नसून भोंग्यावर होती. पाळी बदलताना एक लोंढा उतरे आणि दुसरा चढे. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला आणि तो औपचारिकरीत्या कधी संपलाच नाही. त्या संपावर पुष्कळ लिहिले गेले आहे. पण बसच्या बाजूने त्याकडे फारसे पाहिले गेले नाही. पहाटेच्या पहिल्या पाळीचा, डबे घेऊन थांब्यावर उभा राहणारा प्रवासी त्या वर्षात नाहीसा झाला. नंबर तेच राहिले, गाडी तीच राहिली, पण ती साडेनऊनंतर भरू लागली. गिरण्यांच्या जागी मॉल आणि कचेऱ्या उभ्या राहिल्यावर लोअर परळच्या थांब्यावर उतरणाऱ्यांचा पोशाख बदलला, आणि त्यांतले बहुतेक जण बसऐवजी शेअर टॅक्सी शोधू लागले.

आता पैशाचा प्रश्न. बेस्टचा वीज विभाग नफ्यात असे आणि त्यातून बसचा तोटा भरून निघे. या व्यवस्थेमुळेच मुंबईकराला कमी भाड्यात इतके दाट जाळे मिळाले. २००३ च्या वीज कायद्यानंतर एका सेवेचा पैसा दुसरीत वळवणे अवघड होत गेले, वीजग्राहकाने बसचा तोटा का सोसावा हा वाद नियामक आयोगापासून न्यायालयापर्यंत गेला, आणि बसचा आधार हळूहळू सुटला. मला विचाराल तर बसच्या तोट्याला तोटा म्हणणेच गैर आहे. रस्त्यावरच्या दिव्याचा तोटा कोणी काढत नाही. पण हा युक्तिवाद अंदाजपत्रकात कुठे लिहायचा, याचे उत्तर कोणाकडे नव्हते. एकेकाळी चार हजारांच्या पुढे असलेला ताफा तीन हजारांच्या आत आला आणि त्यातही बहुतेक गाड्या कंत्राटदारांच्या झाल्या. जानेवारी २०१९ मध्ये कर्मचाऱ्यांचा नऊ दिवसांचा संप झाला. त्याच वर्षी ९ जुलैपासून किमान भाडे पाच रुपयांवर आणले गेले आणि दूर गेलेले प्रवासी पुन्हा परतले. ९ मे २०२५ पासून ते दहा रुपये झाले, वातानुकूलित बसला बारा. पहिल्या ट्रामचीही तारीख ९ मे होती, हा योगायोग भाडेवाढ जाहीर करणाऱ्यांच्या ध्यानात असेल असे वाटत नाही.

मार्च २०२० मध्ये लोकल सामान्य प्रवाशांसाठी बंद झाली तेव्हा परिचारिका, सफाई कामगार, पोलीस, बँकांचे कर्मचारी यांना नेले ते बेस्टने. या काळात बेस्टच्या अनेक कर्मचाऱ्यांनी कोविडमध्ये जीव गमावला. संस्थेच्या इतिहासातले हे पान पदकांशिवाय राहिले आहे.

गेल्या काही वर्षांत सर्वांत मोठा फटका लांब मार्गांना बसला. वाहतूककोंडीत टोकापासून टोकापर्यंत जाणारी बस वेळ पाळू शकत नाही, म्हणून तिचे तुकडे करायचे आणि स्टेशनला जोडायचे, असे धोरण आले. कागदावर ते योग्य आहे. पण दोन बस बदलून जाणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला ते कसे वाटते हे वेळापत्रकात दिसत नाही. त्यात पूल बंद होऊ लागले : नोव्हेंबर २०२२ मध्ये अंधेरीचा गोखले पूल, ऑगस्ट २०२४ मध्ये सायनचा, सप्टेंबर २०२५ मध्ये प्रभादेवीचा. पूल बंद झाला की त्यावरचे मार्ग वळतात, आणि वळलेला मार्ग मोकळ्या पुलावर नेहमी परत येतोच असे नाही.

१५ सप्टेंबर २०२३ रोजी जुन्या डिझेलच्या दुमजली बसची शेवटची फेरी झाली, ४१५ नंबरच्या मार्गावर. बसप्रेमींनी ती फुलांनी आणि फुग्यांनी सजवली, वाहिन्यांनी दाखवली. १९९० च्या सुमारास अशा सुमारे नऊशे बस होत्या. दोन मजले म्हणजे दोन कंडक्टर, म्हणजे दुप्पट पगार, हे तिच्या निवृत्तीचे एक साधे कारण. त्याच वर्षी फेब्रुवारीत विजेवरची वातानुकूलित दुमजली बस रस्त्यावर आली होती. गाडीला असा निरोप मिळतो. मार्ग बंद होतो तेव्हा मात्र थांब्याच्या पाटीवरून एक नंबर खरवडला जातो, आणि रोजचे प्रवासी आठवडाभर चौकशी करून रिक्षाला वळतात. तारीख कोणाच्याच लक्षात राहत नाही.

अणिक आगारातल्या संग्रहालयात ट्राम आणि बसच्या प्रतिकृती आहेत, तिकिटांची जुनी यंत्रे आहेत. शताब्दीच्या निमित्ताने तिथे आणखी एक गोष्ट व्हावी अशी सूचना आहे. एक नोंदवही ठेवावी, मार्गांची. नंबर, सुरू झाल्याची तारीख, दोन्ही टोके, मधले थांबे त्या वेळच्या नावांसह, कुठल्या वर्षी वाट बदलली आणि का, आणि बंद झाला असल्यास केव्हा. यातले बरेचसे आगारांच्या जुन्या कागदांत असणार. उरलेले निवृत्त चालक, कंडक्टर आणि स्टार्टर यांना तोंडपाठ आहे. त्यांतले कित्येक आता ऐंशीच्या घरात आहेत, तेव्हा पहिला फोन त्यांना करावा.